दोनदा उघडझाप

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात आमचा स्पीकर होता आणि स्पीकरला हातभर तुटकी वायर लोंबत होती.

सकाळची वेळ होती. मी वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून तुटक्या वायरी कथिलाचा डाग देऊन जोडत बसले होते. डोक्याला जुना रुमाल, बोटं काळी. तो समोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"हा तुमचाच ना?"

"आमचा खांबाला असतो," मी वर न बघता म्हणाले. "तुमच्या हातात आहे, तो कुणाचा मला काय माहीत?"

तो हसला. मग मात्र मी वर बघितलं.

तुमच्यातल्या बहुतेकांनी ड्राइव्ह-इन थिएटर पाहिलेलं नसेल, म्हणून जरा थांबून सांगते. एक मोठं मैदान. एका टोकाला तीन मजली उंच, पांढराशुभ्र पडदा. जमीन लाटांसारखी वरखाली केलेली, म्हणजे गाडीचं नाक वर राहतं आणि मागच्याला पुढच्याचं टप आड येत नाही. दर दोन गाड्यांच्या मध्ये एक खांब आणि खांबाला लोखंडी स्पीकर. तो काढायचा, गाडीच्या काचेला अडकवायचा आणि आपल्याच गाडीत पाय पसरून सिनेमा बघायचा. पाऊस आला तर वायपर चालू करायचे. सिनेमा आवडला तर टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवायचे. निघताना स्पीकर परत खांबाला लावायचा, बस. पण शेवट चटका लावणारा असला की लोकांना कशाचं भान राहायचं नाही. स्पीकर काचेला तसाच, आणि गाडी सुरू. बाबा म्हणायचे, सिनेमा किती चांगला आहे ते तिकिटांवरून कळत नाही, तुटलेल्या वायरींवरून कळतं.

बाबा तिथले ऑपरेटर होते, केबिनमधून सिनेमा दाखवणारे. वायरी जोडणारी मी.

त्याने सांगितलं, की आत्याला घेऊन आलो होतो, शेवटी ती रडायला लागली, त्या गडबडीत राहून गेलं.

"आत्या रडत होत्या. तुम्ही काय करत होतात?"

"मीही तेच," तो म्हणाला.

अगदी सरळपणे. मी स्पीकर ठेवून घेतला. तो गेला. आणि मी त्याच वायरीला दोनदा डाग दिला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा स्पीकर घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. आत्या फारच हळव्या दिसताहेत, असं मी म्हणाले. तो हो म्हणाला. मग तो गेल्यावर मी स्पीकर उलटा करून पाहिला... वायर तुटलेलीच नव्हती. मागचे दोन स्क्रू नीट काढून ती सोडवलेली होती.

चौथ्या वेळी मी त्याला म्हटलं, "या खेपेलाही वायर तोडायला विसरलात."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तोडली असती तर तुम्हाला पुन्हा डाग द्यावा लागला असता," तो म्हणाला. "म्हटलं, उगीच तुमचं काम कशाला वाढवा."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पडलं स्क्रूवाला. बाबांनीच ठेवलं. आणि पुढे त्याने माझं नाव ठेवलं टॉर्चबाई. त्या नावाची गोष्ट मात्र गमतीची नाही.

बाबांची नजर अधू होत चालली होती. उजेड दिसायचा, माणसं ओळखू यायची, पण दूरच्या रेषा विरघळायच्या. डॉक्टर म्हणाले होते की यावर चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. सिनेमाची रिळं लावणं, मशीन चालवणं हे सगळं बाबा हाताने चाचपून करायचे, त्यात त्यांची चूक कधी झाली नाही. पण दर रीळ बदललं की चित्र थोडं पुसट व्हायचं आणि भिंग फिरवून ते नेमकं करावं लागायचं. ते डोळ्यांचं काम. म्हणून मी मैदानाच्या मधोमध उभी राहायची, स्पीकर तपासत असल्यासारखी, आणि केबिनकडे टॉर्च दाखवायची. टॉर्च डावीकडे नेली तर भिंग डावीकडे. उजवीकडे तर उजवीकडे. चित्र नेमकं झालं की टॉर्चची दोनदा उघडझाप. म्हणजे, बस, आता हलवू नका, बरोबर आहे.

मॅनेजरला हे कळलं असतं तर बाबांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि केबिनबाहेर बाबांना दुसरं जग नव्हतं. आई गेल्यावर तर नव्हतंच.

एका संध्याकाळी सिनेमा सुरू असतानाच पाऊस आला. मी ओढणी डोक्यावर घेऊन तशीच उभी होते. मागून कुणीतरी छत्री धरली. माझ्यावर नाही, टॉर्चवर.

"टॉर्च भिजली तर बाबांना दिसायचं नाही," तो म्हणाला.

मी गार पडले. त्याला किती दिवसांपासून माहीत होतं, ते मी विचारलं.

"दुसऱ्या स्पीकरपासून." मग छत्री सावरत, "सिनेमा आत्या बघते. मी दुसरीकडेच बघत असतो... म्हणून कळलं."

पाऊस छत्रीवर टपटपत होता. सगळ्या गाड्यांचे वायपर एकाच तालात हलत होते. पडद्यावर कोण काय बोलत होतं, देव जाणे. रीळ बदललं, चित्र पुसट झालं, आणि मला कळायच्या आत त्याने माझ्या हातावर हात ठेवून टॉर्च उजवीकडे नेली. चित्र नेमकं झालं. उघडझाप मी केली. हात मात्र त्याने लगेच काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

मग तो दर आठवड्याला यायचा. कुंपणाजवळचा मागचा खांब त्याचा ठरलेला. आत्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून तो त्यांच्या कानाशी वाकून सिनेमाची गोष्ट सांगायचा. मान एका बाजूला कलती ठेवून, अगदी मन लावून. आत्या मला एकदा म्हणाल्या, की हा मला भलतीच गोष्ट सांगतो गं, याच्या गोष्टीत कुणी कुणाला सोडूनच जात नाही.

तो पुलांच्या कामावर होता. आमच्या नदीवरचा पूल होईपर्यंत तो आत्यांकडे राहणार होता आणि मग कंपनी पाठवेल त्या गावी. पूल झपाट्याने वाढत होता. गावात सगळे खूश होते. पलीकडचं मोठं शहर हाकेच्या अंतरावर येणार होतं. मी मात्र बाजारात जाताना नदीच्या रस्त्याने जायचं सोडून दिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला. हातात काही नव्हतं. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आला होता.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "बाबांनाही घेऊ."

"बाबा केबिन सोडून येणार नाहीत. आणि मी गेले तर त्यांना केबिनच राहणार नाही."

"मग मी थांबतो."

"कशासाठी?"

"हे बंद होईपर्यंत. माझा पूल झाला की होईलच ना बंद... तूच म्हणाली होतीस."

मी खरंच तसं म्हणाले होते, पण हसण्यावारी. आता त्यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"तुझा पूल," मी म्हणाले. "माझा नाही."

पूल झाला. लोक पलीकडे जायला लागले. तिकडे गार हवेची, मऊ खुर्च्यांची थिएटरं होती. आमच्याकडे आधी मागच्या रांगा रिकाम्या झाल्या, मग मधल्या. खांबांच्या बुडाशी गवत वाढलं. वायरी तुटायच्या थांबल्या, आणि बाबा त्याचंच दुःख करत बसायचे. पण मैदान एकदम बंद पडलं नाही. आजाऱ्यासारखं आज बरं, उद्या वाईट असं रेंगाळत राहिलं. रोज संध्याकाळी मी गाड्या याव्यात म्हणून फाटकाकडे डोळे लावून बसायची. आणि आल्या की, खरं सांगते, मन खट्टू व्हायचं. असं दोन्हीकडून एकाच वेळी तुटणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तो सुट्टीत यायचा. आधी वरचेवर, मग वर्षाकाठी. आत्या गेल्या त्या वर्षी आला तेव्हा त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसले. त्या दिवशी मीच त्याला सांगितलं, की आता थांबू नकोस. मी म्हटलं, आत्यांना सांगायचास तशी गोष्ट सगळ्यांच्या नशिबात नसते. तो निघाला. दारातून वळून त्याने विचारलं,

"टॉर्चचे सेल कोण बदलून देतं आता?"

"माझी मी," मी म्हणाले.

त्यानंतर तो आला नाही.

शेवटी एकदा मॅनेजरने फाटकावर बोर्ड लावला. हा शेवटचा खेळ. आणि त्या संध्याकाळी काय सांगू, गाड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली. इतकी वर्षं न फिरकलेले सगळे मुलाबाळांना घेऊन निरोप द्यायला आले होते. मला राग आला आणि रडूही आलं. मी टॉर्च घेऊन माझ्या जागी उभी राहिले.

मध्यंतरानंतर सहज मागे वळून पाहिलं. कुंपणाजवळच्या खांबाशी एक अनोळखी गाडी होती. आत पुढच्या सीटवर शाल पांघरलेली एक बाई. बॉनेटवर दोन वेण्यांची एक छोटी मुलगी. आणि तिच्या कानाशी वाकून, मान एका बाजूला कलती ठेवून कुणीतरी तिला गोष्ट सांगत होतं.

मी त्या दिशेने एक पाऊल टाकलं. तेवढ्यात रीळ बदललं आणि पडद्यावरचे चेहरे पसरले. बाबा केबिनमध्ये माझ्या टॉर्चची वाट बघत होते. मी परत वळले. डावीकडे. अजून थोडं डावीकडे. मग उघडझाप. त्यानंतर शेवटपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

सिनेमा संपला. सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, इतके की कुंपणापलीकडची कुत्री भुंकायला लागली. बाबा केबिनच्या दारात येऊन हात जोडून उभे राहिले. हळूहळू मैदान रिकामं झालं. मागच्या रांगेतली ती गाडी वळली, माझ्या समोर येऊन क्षणभर थांबली. हॉर्न वाजला नाही. फक्त दिवे... दोनदा उघडझाप.

मीही टॉर्च वर धरली. पण तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी खांबांवरचे स्पीकर उतरवत फिरत होतो. भंगारवाला दुपारी येणार होता. कुंपणाजवळच्या खांबाशी बाबांनी हात लावून पाहिलं आणि थबकले. तिथे स्पीकर नव्हता. वायर शाबूत होती. दोन स्क्रू खांबाच्या बुडाशी, दगडावर नीट शेजारी शेजारी ठेवलेले.

बाबांनी ते बोटांनी चाचपले. बराच वेळ तळहातावर धरून ठेवले.

"तो आपला स्क्रूवाला," ते म्हणाले. "बरा होता गं पोरगा. तुला का आवडला नाही, कोण जाणे."

"सारखे स्पीकर न्यायचा, बाबा," मी म्हणाले.

दुपारी भंगारवाला येऊन सगळं घेऊन गेला. वर्कशॉपमध्ये उचलायला काही उरलं नव्हतं. तरी मी स्टूल दारात ओढलं, हातात ते दोन स्क्रू घेतले आणि संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून बसले.

स्पीकर परत द्यायला या वेळी कुणी आलं नाही.