परातीतली तिची बाजू

यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. गिझलानने हे मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा सारखंच सांगितलं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम मधे काहीतरी चुकीचं बोलले, तर तिने मला लगेच दुरुस्त केलं. थाप मारणाऱ्याला एवढं लक्षात राहत नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. दुसरा शुक्रवार. मोरोक्कोतलं सेफ्रू गाव, दुपारचे दोन वाजलेले आणि गल्लीत लख्ख ऊन.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी वाचावं.

आम्ही दोघी फ्रान्समध्ये, ग्रनोबलला शिकत होतो. मी ताझाची, ती सेफ्रूची. वसतिगृहात आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. ती जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायची. पोरगी हुशार, मनाने वाईट नाही. पण माझं ते माझंच! तिच्या मगमधून कोणी चहा प्यायलं तरी तिचा तिळपापड व्हायचा.

आमच्याकडे शुक्रवारी कुसकुस असतो. सकाळपासून रवा पाणी शिंपडून चोळायचा, वाफवायचा, पुन्हा चोळायचा. बाप्ये नमाजहून परतले की मोठी परात मधे येते आणि सगळे भोवती बसतात. परात एकच, पण जो तो आपल्या समोरची बाजू खातो. दुसऱ्याच्या बाजूला चमचा नेलात तर आई हातावर चापटी मारते.

गिझलानच्या आईची आणखी एक पद्धत होती. घरातलं कोणी परगावी असलं की त्याच्या बाजूचं आधी वाडग्यात काढायचं आणि दारावर येईल त्या भुकेल्याला द्यायचं. अल्लाचा पाहुणा जेवला की आपलं माणूस तिकडे उपाशी राहत नाही, असं ती म्हणायची.

गिझलान ग्रनोबलला आली तेव्हापासून तिच्या बाजूचा वाडगाही असाच दारावर जात होता.

नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. परात मधे, बाबा, आई, धाकटा भाऊ अन्वर. आणि गिझलानच्या जागेवर विआम. अन्वरची होणारी बायको.

"ती माझ्या जागेवर का बसलीय?" गिझलानने विचारलं.

"अगं, जागा रिकामी होती," आई म्हणाली.

"ताई, तिकडून रुमाल टाकून जागा धरलीस की काय?" अन्वर हसला.

तेवढ्यात आईने मधला मांसाचा तुकडा मोडला आणि विआमच्या बाजूला सरकवला. पूर्वी गिझलानच्या बाजूला सरकवायची, अगदी तसाच. वर म्हणते कशी, "हिचा हात बघ. रवा कसा मोकळा चोळलाय! तुझ्या हातून मेले नुसते गोळे व्हायचे."

गिझलान हसली. फोन ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन रडली. "चार महिने झाले नाहीत," ती म्हणाली, "आणि माझी जागा भरूनसुद्धा टाकली!"

मी म्हटलं, "अगं, होणारी भावजय आहे तुझी. भाताच्या शितावरून भांडतेस की काय?"

तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला.

"माझी बाजू कोणाला द्यायची नाही."

"बरं बाई. विआम अन्वरशेजारी बसेल. तुझ्या बाजूचं दारावर देते, नेहमीसारखं."

"दारावरही नाही! ते माझं आहे. परातीतच राहू दे. माझं नाव घेऊन ठेव."



"पोरी, समोर नसलेल्या माणसाचं नाव घेऊन अन्न मांडू नये. बोलावल्यासारखं होतं."

"मग बोलाव ना! की आता मी तुझी मुलगी राहिले नाही?"

आणि ती रडायला लागली. आई ती आईच. विरघळली.

पुढच्या शुक्रवारी आईने परात मांडली. रिकाम्या जागेसमोर चमचा ठेवला. फोनकडे बघून म्हणाली, "बिस्मिल्ला. गिझलान, ये, जेवायला बस."

इकडे गिझलानचा जीव थंडावला. तिची बाजू तशीच राहिली. रव्याचा छोटा डोंगर, वर भोपळ्याची फोड. शेवटी आईने ते सगळं कोंबड्यांना घातलं. दोन शुक्रवार असेच गेले.

तिसऱ्या शुक्रवारी तिला दिसलं...

डोंगराला खळगा पडला होता.

"अन्वर, माझ्या बाजूला चमचा घातलास?"

"नाही ग ताई. ताकाची शपथ." तो ताकाचा पेला उंचावून म्हणाला. गिझलानने त्याला नेहमीसारख्या शिव्या दिल्या आणि विषय तिथेच संपला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी भोपळ्याची फोड नव्हती.

मग जानेवारीत एकदा नेट खराब होतं. चित्र अडकलं, फक्त आवाज येत होता. विआम त्या दिवशी आली नव्हती. घरात तिघंच. गिझलान चमच्यांचे आवाज ऐकत बसली. बाबांचा सावकाश. अन्वरचा भरभर. आईचा हलका.

आणि...

चौथा.

बाबांच्या उजवीकडून. तिच्या जागेवरून.

"आई, कोण आलंय जेवायला?"

"कोण येणार? आम्हीच आहोत घरचे," आई म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, बाजूला वळला. "घे ग, ताक घे. आज रवा काय सुरेख चोळलास, एक गोळा नाही!"

 पण गिझलान मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "मी घरी होते तेव्हा आई माझ्याशी असं कधी बोलली नाही." पोरगी घाबरायची सोडून हेवा करत होती.

त्यानंतर घरून फोन येणं कमी झालं. आधी आई दिवसातून दोनदा फोन करायची. मग आठवड्यातून एकदा. मग गिझलाननेच करायचा. आई बोलायची, पण ओझरती, गल्लीतल्या कोणाशी बोलावं तशी. एकदा तर तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

"आई, मी!"

"हो का? बरं बरं. सुखी राहा."

शेवटी विआमनेच फोन केला. हळू आवाजात, बाहेरून कुठूनतरी बोलत होती.

"ताई, तुम्ही तिकडेच आहात ना?"

"म्हणजे काय? परीक्षा आहे माझी."

"मी शुक्रवारी तुमच्याकडे जायचं सोडलंय. तुमच्या जागेशेजारी बसते ना मी... जागा रिकामी दिसते..."

"मग?"

"माझ्या कोपराला कोपर लागतो."

गिझलानने त्याच दिवशी तिकीट काढलं. घरी कळवलं नाही. मी विचारलं, भीती नाही वाटत? बॅगेची चेन ओढता ओढता ती म्हणाली, "माझ्या आईशेजारी कोण बसतंय ते मला बघायचंय."

फेझला विमान उतरलं. तिथून टॅक्सी. दोन वाजता ती दारात उभी होती. गल्लीभर कुसकुसच्या वाफेचा वास पसरलेला. आतून चमच्यांचा आवाज येत होता.

तिने कडी वाजवली. आवाज थांबले.

आईने दार उघडलं. गिझलान तिच्या गळ्यातच पडणार होती. पण आईने तिच्याकडे पाहिलं... प्रेमाने पाहिलं, दयेने पाहिलं, आणि ओळखलं नाही.

"थांब हं पोरी," म्हणाली आणि आत गेली.

दार अर्धं उघडं होतं. गिझलानला परात दिसली. बाबा दिसले. अन्वर दिसला. आणि तिच्या जागेवर दाराकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. अंगात गिझलानचा निळा घरगुती झगा, जो ती जाताना कपाटात घडी करून ठेवून गेली होती. केस तिच्यासारखेच वर बांधलेले.

"कोण आहे ग?" बाबांनी विचारलं.

आईच्या आधी त्या पाठीनेच उत्तर दिलं.

"कोणी नाही बाबा. दारावर कोणीतरी भुकेलं आलंय."

आवाज गिझलानचा होता. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकताना जसा थोडा परका वाटतो, तसा.

आई वाडगा घेऊन आली. वर ताटली झाकलेली. "घे. अल्ला तुझी वाट सोपी करो. वाडगा पायरीवरच ठेव, मी नेईन नंतर."

"आई... मी गिझलान."

"छान नाव आहे. माझ्या मुलीचंही हेच," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गिझलान पायरीवर बसली. तिने दार बडवलं नाही, ओरडली नाही. ती म्हणते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिने वाडगा मांडीवर घेतला. रडत रडत बिस्मिल्ला म्हणाली आणि खाल्लं. रवा मोकळा होता, एकही गोळा नाही. शेवटचा घास खाताना तिच्या मनात काय आलं असेल? की आपल्याला असा रवा जन्मात जमणार नाही.

वाडगा रिकामा झाला.

आत... काहीतरी पडल्याचा आवाज आला. चमचा असावा.

दार उघडलं. आई वाडगा न्यायला बाहेर आली, खाली पाहिलं आणि किंचाळली.

"गिझलान! अगं, कधी आलीस? अशी पायरीवर का बसलीस? अहो, बघा तरी कोण आलंय!"

मग रडारड, मिठ्या, अन्वरची थट्टा. घरात तिघंच होती. निळा झगा कपाटात होता, घडी केलेला. परातीत तिची बाजू तळापर्यंत साफ होती. तिने आपल्या जागेवरच्या बसायच्या गादीवर हात ठेवला.

गादी उबदार होती.

तिने सगळं सांगितलं. बाबा उठून आत गेले, ते नमाजलाच बसले.  आई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग सकाळी माझ्याबरोबर रवा कोणी चोळला?"



त्या दिवसापासून तिच्या बाजूचं पुन्हा दारावर जाऊ लागलं. विआम परत येऊ लागली, आणि गिझलाननेच तिला आपल्या जागेवर बसायला सांगितलं. आईचे फोन पुन्हा दिवसातून दोनदा. गोष्ट इथे संपायला हवी होती.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गिझलानने आईशी बोलणं संपवलं. आई "ठेवते हं" म्हणाली, पण फोन बंद करायला विसरली. तो ताकाच्या तांब्याला टेकून तसाच उभा राहिला. त्या दिवशी बाबा आणि अन्वर फेझला गेले होते. घरात आई एकटीच होती.

मी तेव्हा गिझलानच्या खोलीतच होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आईने एकटीसाठी परात मांडली. वाडगा भरला, दारावर देऊन आली. परत येऊन बसली.  मग उठली, दार लागलंय ना ते पाहिलं...

आणि रिकाम्या जागेसमोर एक चमचा ठेवला.

"बिस्मिल्ला," ती हळूच म्हणाली. "ये ना पोरी. आज रवा नीट जमला नाही बघ."

गिझलानने लॅपटॉप मिटला. कितीतरी वेळ ती झाकणावर हात दाबून बसली होती. मला वाटलं, घाबरलीय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा ती म्हणाली, "ऐकलंस? या वेळी आईने माझं नाव घेतलं नाही."