कापडाआड

रबाळ्याच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर वैष्णवी जुने चित्रपट दुरुस्त करायची. नियम सोपा होता. जे एकाच फ्रेममध्ये दिसतं, मागे-पुढे कुठेच नसतं, तो डाग. पुसून टाकायचा.

सध्या १९४७ सालचा एक संगीतपट हाती होता. रिळांचा डबा उघडला की कापराचा वास यायचा. नायिका जयमाला. युद्धाच्या वर्षांत तिच्या नावावर थिएटरं भरायची. मग ती अचानक दिसेनाशी झाली आणि युद्ध संपल्यावर या चित्रपटातून परतली. मूल गमावलेली आई, रिकाम्या पाळण्यापाशी गाणारी.

शनिवारी सकाळी करंजाड्याहून सुनयनाबाई आल्या. वय ब्याऐंशी, कडक इस्त्रीची सुती साडी.

"जयमाला माझी आई," खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या. "पण निर्मात्यानं तिला कुमारी म्हणून जाहीर केलेलं. मग मी तिची भाची झाले. जन्मभर मावशीच म्हटलं तिला. घरातसुद्धा."

"शूटिंगला न्यायच्या तुम्हाला?"

"न्यायची की. कॅमेऱ्यामागे काळ्या कापडाआड बसवायची. पाळण्याचं गाणं गाताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं होतं, असं आठवतं मला. खरंच पाहिलं होतं का, तेवढं बघायचंय, पोरी."

वैष्णवीनं साफ केलेलं गाणं लावलं. जयमालाची नजर शेवटपर्यंत पाळण्यातच राहिली.

"नाही पाहिलं," सुनयनाबाई म्हणाल्या, आणि पर्सचा बंद उगाचच सरळ करत बसल्या.

वैष्णवीला कालचं काम आठवलं. एका फ्रेममध्ये जयमालाचे डोळे वर उचललेले होते. सॉफ्टवेअरनं त्यांना डाग ठरवलं होतं आणि तिनं मान्य केलं होतं.

"थांबा आजी. अंकुश, मूळ स्कॅन लाव."

स्कॅनर चालवणाऱ्या अंकुशनं लावलं. पाळण्याचं गाणं आलं. जयमालानं डोळे वर उचलले, आणि ते वरच राहिले.

"मॅडम, काल एकच फ्रेम होती ना?"

"फाइल अडकली असेल."

"अडकली कुठे? ती समई बघा."

जयमालाच्या मागे समईची ज्योत हलत होती.

वैष्णवीनं पाहिलं, नजर नेमकी आजी बसल्या होत्या त्या डाव्या खुर्चीवर होती. "आजी, जरा उजवीकडच्या खुर्चीत बसता?"

सुनयनाबाई उठल्या, भिंतीला धरत हळूहळू गेल्या. पडद्यावरची नजर त्यांच्याबरोबर गेली.

"मी च्या घेऊन येतो," अंकुश पुटपुटला. पण तो जागचा हलला नाही.

गाणं चालू होतं. जयमालाचे ओठ मात्र मिटलेले होते.

सुनयनाबाई पुढे झुकल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"आई," त्या म्हणाल्या. "आता येऊ का गं बाहेर?"

खोलीत एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. गाणं केव्हा थांबलं, कुणालाच कळलं नाही.

जयमालाचे डोळे भरून आले. तिनं झटकन एकदा बाजूला पाहिलं, कुणीतरी येत असावं तसं.

मग तिनं मानेनंच नाही म्हटलं.

सुनयनाबाईंनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, आणि दिसू नयेत म्हणून दोन्ही पाय अलगद साडीखाली ओढून घेतले.