गळा नको

दाजींनी पाकिटातून ताईचा फोटो काढला आणि काउंटरवर पालथाच ठेवला. नखाएवढा, जुन्या ओळखपत्रावरून सोलून काढलेला. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. जिन्यावरून पडली, असं दाजींनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. स्टुडिओ चालवणाऱ्या धाकट्या बहिणीनंही केलं, पण तिच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती.

"चिमीला आईचा चेहरा आठवेनासा झालाय. भिंतीवर लावायला मोठा करून दे," दाजी म्हणाले. "चेहरा तेवढाच. गळा नको."

उद्या ते चिमीला घेऊन बदलीच्या गावी निघणार होते. भाची पुन्हा कधी दिसेल कोण जाणे, या विचारानं मावशीचा जीव तीळतीळ तुटत होता. पण नुसत्या संशयावर लेकरू कसं अडवायचं?

तिनं फोटो स्कॅन केला. लहान फोटो एका दमात ताणला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात, म्हणून ती थोडाथोडा वाढवायची, दरवेळी नाकडोळे तपासत. थोडा वाढवल्यावर गळ्यावर करडा डाग दिसला. धूळ असेल म्हणून तिनं स्कॅनरची काच पुसली, पुन्हा स्कॅन केलं. डाग तिथंच. आणखी वाढवला, तर डागाला बोटं फुटली.

हा सॉफ्टवेअरचा आगाऊपणा, तिनं स्वतःला समजावलं. फोटोत नसलेलं ते मनानंच भरतं. मागे एका बोळक्या आजोबांना त्यानं बत्तिशी बसवली होती. तिनं ती सोय बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली. मूळ फोटो भिंगाखाली धरला. गळा स्वच्छ. पडद्यावर मात्र अंगठा, चार बोटं... त्यांतली तर्जनी अर्धीच. दाजींची तर्जनी कारखान्यात अशीच अर्धी कापली गेली होती.

संध्याकाळी दाजी चिमीला घेऊन आले. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हा फोटो... लग्नाआधीचा आहे," ते हळूच म्हणाले. "तेव्हा मी तिला ओळखतसुद्धा नव्हतो."

"मी कुठं तुमचं नाव घेतलं, दाजी?"

त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"चिमी माझ्याकडे राहील," ती म्हणाली. दाजींनी चिमीचा हात सोडला. ते दाराकडे वळले.

"मावशी, आई छान दिसते ना?" चिमीनं पडद्याकडे बघत विचारलं.

तिनं पाहिलं. गळा स्वच्छ होता, डागाचा मागमूस नव्हता. दारात दाजींना ठसका लागला होता आणि ते कॉलरची गुंडी सोडायला धडपडत होते. गुंडी तुटली. त्यांच्या गळ्यावर करडी बोटं उमटली होती. बारीक होती, आणि पाचही पूर्ण.