पाटीखाली दार असतं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ठिकाण सोलापूर. आणि वेळ मध्यरात्रीची नाही, दुपारी साडेतीनची.

माझं नाव शिवानंद. मी वायरमन. लाईट गेली तरी बॅटरीवर जळत राहते ना, ती हिरवी 'एक्झिट'ची पाटी, ती इमारतींमध्ये बसवायचं माझं काम.

बसवायचं म्हणजे... तपासणीपुरतं.

आमचे ठेकेदार प्रभुलिंगअण्णा. त्यांच्याकडं बारा पाट्यांचा एकच संच. सकाळी एका इमारतीत लावायचा, फोटो काढायचे, संध्याकाळी उतरवून दुसरीकडं न्यायचा. आम्ही त्या पाट्यांना वऱ्हाडी म्हणायचो. आज या मांडवात, उद्या त्या. हसायचो आम्ही यावर.

मागच्या वर्षी भवानी पेठेत युनिफॉर्म शिवायच्या एका कारखान्यात गेलो होतो. तिसरा मजला. जिन्याच्या दारापुढं कापडाचे गठ्ठे रचलेले. माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. फोटोत ते दिसून चालणार नव्हतं.

समोरच्या बाजूला एक जुनं लाकडी दार होतं. कडी लावलेलं. त्याच्यामागं विटा बांधून ते कधीच बंद केलं होतं. मालकानं मला तसं सांगितलंही.

पण फोटोत विटा थोड्याच दिसतात? बारावी पाटी मी त्या दारावर ठोकली.

काज-बटण करणाऱ्या कस्तुरामावशी बघत होत्या. साठीच्या असतील. मला चहा आणून दिला आणि दाराकडं बोट केलं.

"ह्ये उघडतंय व्हय? आमी तर कदी उघडं बगितलं न्हाय."

खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण मालक शेजारी उभा होता. आणि मला थट्टेची सवय.

"आगीच्या वेळी उघडतंय मावशी. धूर झाला की सरळ हिकडं यायचं. पाटीखाली दार असतंय."

"बरं झालं सांगितलास," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी मी पाटी उतरवून नेली.

दोन महिन्यांनी तिथं आग लागली. भर दिवसा. लाईट गेली, धूर भरला. बाकी सगळ्या बाया गठ्ठ्यांच्या फटीतून एकेक करत जिन्यानं उतरल्या. मावशी तेवढ्या राहिल्या.

त्या जुन्या दाराशी सापडल्या. कडी काढलेली होती. दार उघडलेलं होतं.

आणि मागच्या विटांवर... काजळीत उमटलेले दोन तळवे. एकदा नाही. कितीतरी वेळा.

कागदावर आलं की घाबरून दिशा चुकली.

त्यांचा मुलगा निंगप्पा भेटेल त्याला एकच विचारायचा. मलाही विचारलं.

"आई अकरा वर्सं त्याच जिन्यानं चढली-उतरली. मग ती तिकडं का गेली, दादा?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

पुढच्या महिन्यात विजापूर रोडला एका क्लासच्या तळघरात तपासणी होती. रविवार, दुपारचे साडेतीन, क्लासला सुट्टी. मी एकटाच. अकरा पाट्या लावल्या. बारावी लावायची हिंमत होईना. तिची बॅटरी काढून खिशात ठेवली आणि पाटी पिशवीत टाकली.

मग चाचणीसाठी मेन स्विच बंद केला.

अकरा पाट्या लागल्या. ठीक.

आणि पिशवीतून... हिरवा उजेड यायला लागला.

मी खिसा चाचपला. बॅटरी खिशातच होती.

तेवढ्यात जळक्या कापडाचा वास आला.

आणि आवाज.

थप्...

थप्...

कुणीतरी उघड्या तळव्यांनी भिंत चाचपत होतं. आधी डाव्या भिंतीवर. मग मागच्या. मग अगदी माझ्या पाठीशी.

"दार उगड की रं लेकरा. तूच सांगितलास की."

मी मेन कसा चालू केला ते आठवत नाही. उजेडात तळघर रिकामं होतं.

तिथून तसाच निंगप्पाच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं, मग तो मारो नाहीतर पोलिसात देवो. त्यानं बसायला सतरंजी टाकली, चहा सांगितला. मी तोंड उघडणार एवढ्यात तोच म्हणाला,

"लई साधी हुती ओ आई. कुणी कायबी सांगितलं की खरं मानायची."

मी चहा पिऊन परत आलो.

काम सोडलं. अण्णांचा संच अजून फिरतोय, आता अकरा पाट्यांचा. बारावी मी मागून घेतली. माझ्या घराच्या दारावर लावली आहे. खऱ्या दारावर. बॅटरी घातलेली नाही, तरी लाईट गेली की ती लागते. मग मी दार सताड उघडतो. बायको, रुपाली, डास येतात म्हणून ओरडते. तिला पाटी बंदच दिसते.

"मावशी, या. हे दार उघडतं," मी म्हणतो.

थप्...

समोरच्या भिंतीवर.

थप्...

दर वेळी तिथंच. पाटीच्या बरोबर उलट्या बाजूला. दार उघडं आहे, वर हिरवा उजेड आहे, आणि त्या काही तिकडं फिरकत नाहीत.

पाटीच्या भरवशावर त्या एकदा गेल्या होत्या.