सिगारची शिकवणी

"माझ्या बाबाला आज संध्याकाळी पोलिसांत देणार हायेत. आगलाव्या म्हणून. तुम्ही येता का लातूरला?"

सुकन्यानं दारातूनच विचारलं आणि मन्मथरावांच्या हातातला चहा बशीतच राहिला. नांदेडात पंचशीला वाघमारे यांच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत सकाळच्या वेळी लोक यायचे ते नवऱ्या मुलाची चौकशी करायला. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, असल्या कामांत त्यांच्या मदतनिसाचा, म्हणजे मन्मथरावांचा, जीव छान रमला होता. आगबिग म्हणजे नसता ताप!

"बसा आधी," पंचशीलाताई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

सुकन्याचे वडील अण्णाराव लातूरला भुजंगशेठच्या डाळमिलमध्ये मॅनेजर. शेठ आणि त्यांची बायको चार दिवस देगलूरला लग्नाला गेले होते. परवा संध्याकाळी बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं गोदाम पेटलं. पोती बाहेर ओढताना राखणदार भागवतचे दोन्ही हात भाजले. आणि गोदामाच्या दाराशी, ओट्यावर, अर्धा जळलेला सिगार सापडला.

"सिगार?" मन्मथराव म्हणाले. "लातुरात सिगार कोण ओढतंय?"

"शेठच. नवा शौक हाय. हैदराबादहून आणतात अन् कुलपात ठेवतात. गेल्या महिन्यात पाडव्याला हौसेनं दोघांना एकेक दिला. एक बाबाला, एक इथले ट्रान्सपोर्टवाले आनंदराज हायेत त्यांना. बाबाला त्याचा सिगार दाखवता येईना, मग त्यानंच आग लावली म्हणे. काल शेठनी मिलच्या अंगणात, सगळ्या हमालांसमोर बाबाची कॉलर धरली." ती खुर्चीत ताठ बसली. "माझा बाबा असलं काही करणार न्हाई. मला ते सिद्ध करून पाहिजे."

पंचशीलाताईंनी पर्स उचलली. "मन्मथराव, आधी आनंदराज."

आनंदराजचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, आत भट्टीसारखं तापलेलं. सिगारचं नाव काढताच तो हसला आणि त्यानं ड्रॉवर ओढला.

"हे बघा, जसाच्या तसा. म्हणे आधी कापायचा, मग पेटवायचा. एवढा कुटाणा कोण करणार, ताई? तवापासून इथंच पडून हाय."

"शेठच्या मिलचं काम तुमच्याकडंच?"

"हाव. डाळ आमच्याच गाड्यांत जाती. मधी तर शिवशंकररावांनी, शेठचे भाचे हायेत, कोरी पोतीच धाडली चाकूरला. म्हणलं, आता रिकामी पोती बी विकून राहिले का तुम्ही? तर हसले नुसते."

पंचशीलाताईंनी सिगार मागून घेतला आणि चष्म्याच्या डबीत जपून ठेवला. मन्मथरावांचा चेहरा मात्र उतरला. आनंदराजचा सिगार शाबूत, शेठचे कुलपात. मग राहिला कोण? अण्णारावच की! सुकन्या गाडीत मागे बसलेली, त्यामुळे लोहा गेलं, चाकूर गेलं, तरी बिचाऱ्यांना तोंड दाबून बसावं लागलं.

लातूरला अण्णाराव घरात बाजेवर बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, आणि नजर जमिनीत.

"तुमचा सिगार कुठं गेला?" पंचशीलाताईंनी सरळ विचारलं.

"जाळला. दुसऱ्याच दिवशी."

"ओढलात?"

"छ्या! मी बिडीला हात लावला न्हाई कधी. डास लई झाले होते. म्हणलं एवढा जाड हाय, उदबत्तीसारखा रातभर धुमसंल. कुठलं काय! पेटवून ठेवला की विझायचा, पुन्हा पेटवला की पुन्हा विझायचा. शेवटी वैतागून उकिरड्यावर फेकला."

"कुणी पाहिलं?"

"डासांनी," अण्णाराव म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू येऊन गेलं.

"मिलमध्ये एवढ्यात काही वेगळं घडलं होतं?"

"वेगळं म्हणजे... आपल्या छापाची कोरी पोती कमी होऊन राहिली होती. डाळ तेवढी बाहेर गेली न्हाई, मग पोती गेली कुठं? शिवशंकरला म्हणलं, जरा बघा, शेठ आले की त्यांच्या कानावर घालतो."

पंचशीलाताई उठल्या. "सुकन्या, थोड्या वेळानं बाबांना घेऊन मिलमध्ये या. लपून नाही, समोरच्या फाटकातनं या."

भुजंगशेठ गादीवर बसले होते. भरदार माणूस, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. "अण्णारावाच्या पोरीनं तुम्हाला नेमलं? पैसे फुकट घालवले तिनं! मी त्या माणसाला घरातला समजत होतो, आन् त्यानं माझंच गोदाम पेटवलं!"

"असेलही," पंचशीलाताई शांतपणे म्हणाल्या. "पण शेठ, ज्या सिगारवरनं माणूस जेलात जाणार, त्यातलं मला ओ का ठो कळत नाही. समजा, उद्या मलाच हा शौक सुरू करायचा झाला, तर काय काय घ्यावं लागेल?"

मन्मथराव खुर्चीतून पडायचेच बाकी होते. ताई आणि सिगार! पण शेठच्या कपाळावरच्या आठ्या मात्र भराभर मावळल्या. शौकीन माणसाला शागीर्द मिळाला की तो राग विसरतो, हे मन्मथरावांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"सुरुवातीला लई महागाचा घेऊ नका," शेठ मांडी घालून सांगू लागले. "छोटा, हलका घ्या. मग कटर. ह्याचं एक तोंड बंद असतं, तेवढी टोपीच उडवायची. जादा कापला की वरचं गुंडाळलेलं पान सुटतं. काडीपेटी न्हाई, हा असला निळ्या ज्योतीचा लायटर. रुंद खाचेचा ॲशट्रे. धूर छातीत घ्यायचा न्हाई, नुसता तोंडात खेळवायचा. आन् घाई करायची न्हाई. खाली ठेवला की दोन-चार मिनिटांत आपला आपण विझतो. सिगारेटीसारखा जळत न्हाई बसत."

"आणि ही कुलपाची पेटी?"

"हीच तर खरी! आत देवदारासारखं लाकूड, ओलाव्याचा काटा, आन् ह्या डबीत शुद्ध पाणी. नळाचं चालत न्हाई. ओलावा सारखा ठेवावा लागतो. आपल्या लातूरच्या उन्हात सिगार आठ दिवस बाहेर राहिला तर पापड होतो, हात लावला की चुरा. म्हणून कुलूप. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात."

"आत किती आहेत ते मोजता?"

"मोजत कोण बसतंय? मीच ओढतो, मीच आणतो."

"कटर-लायटर देगलूरला नेलं होतंत?"

"हे काय, कायम खिशात."

तेवढ्यात शेठच्या पत्नी केवळाबाई मागच्या घरातून ताक घेऊन आल्या. त्यांना सिगारचा विषय ऐकूनच तिडीक आली. "म्हातारपणी काय एकेक सुचून राहिलं! लग्नाला निघताना माझ्या तुळशीला कुणी पाणी घालावं म्हणून सांगितलं न्हाई. शिवूला बजावून काय सांगितलं? तर पेटीतलं पाणी बघत जा!"

"अगं, सुकली असती ती," शेठ ओशाळून म्हणाले.

मन्मथराव ताक पिण्यात गुंग होते. ताक झकास होतं, आले-जिरे घातलेलं.

मग शिवशंकर आला. तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. त्यानं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीतला अर्धा सिगार पुढे ठेवला. "आग दिसली तसा मी धावलो. हा ओट्यावर पडला होता. लगेच पिशवीत घातला, म्हणलं पुरावा हाय."

"तुम्ही ओढता?"

"मी? मला वास बी सहन व्हत न्हाई, मॅडम. त्यातलं मला काहीच कळत न्हाई."

पंचशीलाताईंनी तुकडा हातात घेतला. तोंडाकडचं टोक तिरकं, चेपून कापलेलं होतं.

"हे कटरनं कापलेलं नाही ना, शेठ?"

"न्हाई. कटरचा काप गुळगुळीत येतो. हे कात्रीचं काम. सुतळी कापायच्या कात्रीचं असंल, ती इथं कुणाच्या बी हाताला लागती."

ताईंनी तुकडा दोन बोटांत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग खिडकीबाहेर पाहिलं. अण्णाराव आणि सुकन्या फाटकातून आत येत होते. हमाल काम थांबवून बघत होते.

"त्यांना आत बोलवा," ताई म्हणाल्या. "आणि ती कात्री आणा."

अण्णाराव दारातच उभे राहिले. शेठनी मान फिरवली.

"शेठ, हा अर्धा सिगार आहे," पंचशीलाताईंनी सुरुवात केली. "म्हणजे खाली ठेवल्यावर तो विझला. तुम्हीच म्हणालात, तो आपला आपण विझतो. अण्णारावांनाही डासांच्या निमित्तानं तेच कळलं होतं. मग ओट्यावर विझलेल्या सिगारनं आतली पोती कशी पेटली? आग काडीनं लावली. सिगार नुसता सापडण्यासाठी ठेवला. आणि ठेवणाऱ्याला वाटत होतं, तो सिगारेटीसारखा जळत राहतो."

"मग अण्णारावानंच ठेवला असंल!" शिवशंकर म्हणाला.

"स्वतःवरच आळ यावा म्हणून? बरं, तेही धरून चालू." ताईंनी चष्म्याची डबी उघडली. "हा आनंदराजांचा सिगार. त्याच पाडव्याचा, तुम्हीच दिलेला. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये होता. मन्मथराव, कापा."

मन्मथरावांनी कात्री लावून दाबली. कर्र आवाज झाला, पान उभं तडकलं आणि तंबाखूचा चुरा गादीवर सांडला. मन्मथराव दचकून मागे सरकले.

"आता हा बघा." ताईंनी सापडलेला तुकडा शेठच्या तळहातावर ठेवला. "त्याच कात्रीनं चेपून कापलाय. कुठं तडा आहे? दाबून बघा."

शेठनी दाबला. तुकडा हलकेच दबला आणि पुन्हा वर आला. शेठचा चेहरा बदलत गेला.

"अण्णारावानं घरी ओल्या फडक्यात ठेवला असंल," शिवशंकर घाईघाईनं म्हणाला.

"ओल्या फडक्यात?" शेठ तुकड्याकडे बघत म्हणाले. "ओल्या फडक्यात बुरशी धरती रे. पान फुगून फाटतं. हा तर..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

"हा त्याच दिवशी पेटीतनं काढलेला आहे," पंचशीलाताईंनी ते पुरं केलं. "किल्ली तुमच्या गळ्यात. पण पेटीतलं पाणी बघायचं तर कुलूप उघडावं लागतं. देगलूरला जाताना किल्ली कुणाकडं दिली होती, शेठ?"

शेठचा हात गळ्याकडे गेला. केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"शिवू..." शेठच्या तोंडून निघालं.

"तुमच्या छापाची पोती चाकूरला गेली, आनंदराजांच्याच गाडीतनं, ह्यांच्या सांगण्यावरनं," ताईंचा आवाज आता कडक झाला होता. "कोरी पोती बाहेर कशाला लागतात? हलकी डाळ भरून तुमच्या नावानं विकायला. पोती कमी झाल्याचं अण्णारावांनी हेरलं, तुम्हाला सांगणार म्हणाले, आणि तेही ह्यांनाच. मग गोदाम जाळलं की हिशेब गेला, आणि अण्णारावांवर आळ आला की तोंडही बंद. सिगार म्हणजे सिगार, जुना काय आणि पेटीतला काय, असं ह्यांना वाटलं. एवढीच चूक झाली."

शिवशंकरनं शेठचे पाय धरले. "मामा, नुसती पोती जळतील असं वाटलं होतं. भागवत आत शिरंल असं कुठं वाटलं होतं मला!"

मन्मथरावांना आपल्या सकाळच्या विचारांची मनापासून लाज वाटली. त्यांनी अण्णारावांसाठी खुर्ची पुढे केली.

"अण्णाराव," शेठ अवघडून म्हणाले, "बसा. चहा घ्या. घरातली गोष्ट हाय, घरातच मिटवू. उद्यापासून कामाला या."

अण्णाराव बसले नाहीत. "कॉलर तुम्ही अंगणात धरली होती, शेठ. खोलीत न्हाई."

शेठनी सुकन्याकडे पाहिलं. ती पापणीही न हलवता त्यांच्याकडे बघत होती. शेवटी ते उठले, बाहेर गेले आणि वजनकाट्याजवळ उभे राहून त्यांनी सगळ्या हमालांना हाक मारली.

"अण्णारावानं आग लावली न्हाई. माझ्या भाच्यानं लावली. मी चुकलो." मोठ्या आवाजाच्या त्या माणसाला एवढंच जमलं. मग त्यांनी अण्णारावांपुढे हात जोडले.

अण्णारावांनी ते हात धरून खाली केले. "माझं झालं, शेठ. भागवतचं न्हाई झालं. तो दवाखान्यात पडून हाय. पोलिसांना फोन करा."

"माझ्या बहिणीचा एकुलता हाय तो, अण्णाराव."

"हाव. भागवत बी कुणाचा तरी हाय."

केवळाबाई दारात हुंदके देत होत्या. शेठनी खिशातून मोबाइल काढला. मग त्यांनी नंबर लावला. भाच्याचं नाव त्यांनी पूर्ण सांगितलं, आडनावासकट.