सोमवारची गोळी

"जेवायचं नसेल तर सरळ सांगा ना, आई! माझ्या हातचं काय विष आहे का?" हर्षालीनं ताट ओट्यावर असं आदळलं की आमटी भिंतीवर उडाली.

पुतळाबाई सुनेला काय सांगणार? पोटात निखारा ठेवल्यासारखं जळतंय, घास उतरत नाही... हे सांगितलं की दवाखाना आला, दवाखाना आला की लेकाची, बाळूची सुट्टी आली, आणि सुट्टी घेतली की कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला कंपनी उभंसुद्धा करणार नाही!

"भूक न्हाई गं."

"नाटकं नुसती!"

लेक पर्मनंट व्हावा म्हणून या माउलीनं सोमवार धरले होते, कडकडीत, पाणी नि कोऱ्या चहावरचे. देवाला उपास चालतो हो, गुडघ्यांना कुठे चालतो? पहाटे उभं राहून लेक-सुनेचे डबे करायचे, म्हणून बाळूनंच आणलेली दुखण्याची गोळी ती रोज कोऱ्या चहाबरोबर रिकाम्या पोटी गिळायची. "भारी गोळी हाय, आये. कंपनीत मशीनच्या लाइनवर सगळीच खात्यात, सुपरवायझर सोता वाटतो!" वाटणारच! माणूस बसला तर लाइन बसते. पोट जळालं तर त्याच्या बापाचं काय जळतं?

पुढच्याच सोमवारी डब्याला झाकण लावता लावता पुतळाबाई कोसळली. ओकारीत चहाच्या चोथ्यासारखं काळं रक्त...!

दवाखान्यात रक्त चढवता चढवता डॉक्टरीणबाई कडाडल्या, "उपाशीपोटी गोळ्या? आतून जखम झालीय! शौचाला काळं होत होतं का, आजी?"

"हुतं."

"मग घरात सांगितलं नाही?"

पुतळाबाईनं सुनेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या नजरेनं हर्षालीचं काळीज चिरलं. "आई, मी तुम्हाला नाटकी म्हणाले हो...!" तिनं सासूचे पाय घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तोंडानं द्यायला सांगितलं तेव्हा हर्षालीनं भाताची पेज भरवली. पुतळाबाईनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "ग्वाड हाय गं, तुझ्या हातचं."

बाळू हुंदका देत आईच्या उशाशी वाकला, आणि त्याच्या खिशातून तसंच गोळ्यांचं पाकीट खाटेवर पडलं. अर्धं रिकामं!

"आन् तू? जेवून खातोस का गोळी?" पुतळाबाईनं विचारलं.

बाळूची मान खाली गेली. तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझर! सेकंड शिफ्टला आला नाहीस तर उद्यापासून येऊच नकोस, हे त्यानं सकाळीच बजावलं होतं. बाळूचा हात फोनकडे गेला...

पुतळाबाईनं सलाइन लावलेल्या हातानं तो हात धरला. कशासाठी सगळे सोमवार जाळले होते, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"उचलू नगं," ती म्हणाली आणि पेजेची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "आधी जेव. माज्यासमूर."