चांदीची धाव

मेळघाटातून तिवसाचं लाकूड आणायचं, एवढ्यासाठीच आम्ही निघालो होतो. साल १८६४, फाल्गुन महिना. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता. अमरावतीच्या बाजाराकडे इतक्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, धावल्या, की गावोगाव त्यांचे आस मोडून पडले. आसाला तिवसासारखं चिवट लाकूड नाही. म्हणून मी, खुशाल सुतार, कापसात पैसा केलेल्या आमच्या गावच्या शेषरावांच्या बंडीत बसलो. तिसरा गडी म्हणजे शेषरावांचा साळा नत्थुजी. निघताना त्याच्या बहिणीनं, जमुनाबाईंनी, नवऱ्याला बजावलं होतं, "माहा एकच भाऊ हाय. त्याले धडधाकट परत आणजा!"

आता त्या बंडीबद्दल सांगायलाच हवं. बंडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आम्ही धाव म्हणतो. ती लाल होईस्तोवर तापवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि चाकाचा एकूण एक आरा जागच्या जागी घट्ट बसतो. पण त्या वर्षी पैशानं सगळ्यांचीच डोकी फिरली होती. शेषरावांना धाव हवी होती चांदीची! "लोखंड तं कोणाच्याई बंडीले असते," ते म्हणाले. चांदी नुसती खिळ्यांनी ठोकावी लागते, ती चाक आवळून धरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी बोललो का? नाही! सगळं गाव बघायला जमलं होतं, बायका आरती घेऊन उभ्या होत्या, आणि असलं काम करणारा पंचक्रोशीत मी एकटा. फुगलो मी. लोखंडी धावा उतरवल्या आणि चांदीच्या ठोकल्या.

अचलपूर मागे टाकून आम्ही डोंगरात शिरलो. सागाची पानं झडून गेली होती, पळस तेवढा लालभडक फुलला होता, आणि वाळक्या पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. पाच दिवस आम्ही तिवस तोडला. सहाव्या दिवशी दुपारी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वरणासोबत पोटभर खाल्ले आणि विस्तव तसाच सोडून निघालो. गावाकडे काळ्या शेतात आम्ही तो तसाच सोडतो, तिथं तो आपोआप विझतो. इथं शेत नव्हतं, पाचोळा होता, आणि हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परतीच्या वाटेवर एक खिंड होती. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये जेमतेम बंडीपुरती जागा. आम्ही आत शिरलो आणि मला धुराचा वास आला. मागे वळून पाहिलं. अख्खं रान पेटलं होतं!

"हाका, भाऊ! बैल हाका!" मी ओरडलो.

शेषरावांनी बैलांना हाकारा घातला. नत्थुजी उजव्या चाकाला खांदा लावून ढकलू लागला, मी डाव्या. उजवं चाक एका धोंड्यावर चढलं. कडाड! आरे निखळले, चाक फाकलं आणि लाकडांनी लदलेली बंडी उजवीकडे कलून दोन कड्यांमध्ये घट्ट अडकली. नत्थुजीनं किंकाळी फोडली. खिळ्यांतून सुटलेली चांदीची पट्टी त्याच्या नडगीभोवती वळली होती आणि तिची दोन्ही टोकं आसाखाली दबली होती. ससा फासात सापडावा तसा तो सापडला होता.

पुढे शेषराव आणि बैल, मध्ये बंडी, मागे आम्ही दोघं, आणि आमच्यामागे वणवा. मला एकट्याला बंडीवरून चढून जाता आलं असतं. नत्थुजीला हलताही येत नव्हतं. तिवसाची दांडी घालून मी आस उचलून पाहिला. तो तसूभर हलला नाही. लाकडांचे दोर कापले असते तर सगळे ओंडके नत्थुजीवरच आले असते. धूर खिंडीत कोंडला. डोळे झोंबू लागले, श्वास पुरेना.

बैलांच्या जुपण्या कापून शेषराव लाकडांवरून आमच्या बाजूला उतरले. मी पटाशी आणि हातोडा काढला.

"भाऊ, धाव तोडा लागते."

शेषराव धावेकडे बघत राहिले. किती वेळ? दोन श्वास असतील. तेवढ्यात नत्थुजीच बोलला.

"भाऊजी, चांदी नका तोडू. साऱ्या गावानं तिची पूजा केली हाय. माहा पाय तोडा अन् मले काढा."

तो खुळ्यासारखा बोलत नव्हता हो! अगदी समजून, मनापासून बोलत होता. 

शेषरावांनी त्याच्या थोबाडीत मारली. "काय बोलून राह्यला तू? अबे काय बोलून राह्यला?" मग ते गुडघ्यावर बसले, पट्टी आणि नडगीमध्ये स्वतःची बोटं घातली आणि माझ्यावर खेकसले, "पाह्यतं काय लेका? मार!"

मी मारला. एक घाव. दोन. पटाशीची धार गेली. तीन! ठिणग्या पाठीवर पडत होत्या. चार! हात घामानं निसटत होता. पाचव्या घावाला चांदी तुटली. शेषरावांनी दोन्ही हातांनी पट्टी वाकवली. बोटं रक्तानं भरली होती, तरी त्यांनी सोडली नाही. पाय सुटला!

नत्थुजीला आम्ही लाकडांवरून ओढत पलीकडे नेलं. शेषरावांनी त्याला पाठीवर घेतलं आणि आम्ही पळालो. मागे तिवस पेटल्याचा आवाज आला. कोणी वळून पाहिलं नाही. पुढे नदीचं रुंद वाळवंट लागलं. बैल तिथं आमच्या आधी पोचले होते. वाळूत खड्डा करून पाणी काढलं, प्यायलो, आणि वणवा दोन्ही काठांनी पुढे निघून जाईपर्यंत ओल्या वाळूत तोंड खुपसून पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी गाव आलं. जमुनाबाईंनी भावाचा सुजलेला पाय पाहिला, नवऱ्याचे फाटलेले हात पाहिले.

"बंडी?"

"जळाली."

"अन् चांदी?"

शेषरावांनी मान खाली घातली. "जमुना, चांदी वाचवाले तुहा भाऊ मले म्हणे, पाय तोडा. अन् त्याच्या आधी मी चांदीकडे पाह्यत दोन श्वास इचार केला व!" एवढं बोलून तो धिप्पाड माणूस अंगणात मटकन बसला आणि लेकरासारखा रडू लागला.

आता गप्प राहणं मला जमेना. "भाऊ, माहा गुन्हा मोठा हाय. चांदी चाक धरत नाई, हे मले पयलेच माहीत होतं. मी बोललो नाई."

मला वाटलं, आता मार बसणार. तो मला हवाच होता. पण बोलला तो बाजेवर पडलेला नत्थुजी.

"मलेई माहीत होतं, खुशाल. आरती घेऊन उभ्या होत्या त्या बायांयलेई माहीत होतं."

जमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कारण त्या बायांमध्ये सगळ्यात पुढे त्याच उभ्या होत्या.